नऊची गोळी, दहाची भाकरी

सास्तूरहून सोलापूरला निघालेली एस.टी. नळदुर्गच्या पुढं आमच्या ढाब्यासमोर पंक्चर झाली, म्हणून ती पोरगी आमच्या दारात उतरली. नाहीतर कुठली ती अन् कुठला माझा लेक महांतेश!

सगळे प्रवासी चहावर तुटून पडले. ही तेवढी मास्क लावून कोपऱ्यात बसली. डोक्यावरचे केस इवलेसे, नुकत्या उगवलेल्या ज्वारीसारखे. डोळे मात्र असे, की महांतेश पिठलं-भाकरीचं ताट घेऊन तिच्यापुढं उभा राहिला अन् पुढचं विसरला.

"मी... काही मागवलं नाही."

"व्हय. पण... गरम आहे."

"मला चालत नाही."

माझं टाळकं सरकलं. चुलीपासूनच ओरडले, "चालत नाही म्हणजे? मोठं सोवळं दिसतंय! आमच्या हाताला काय झालंय?"

ती हसली. मास्कवरून फक्त डोळेच हसले. "तसं नाही हो, अक्का. नऊला गोळी घेतली. आधी दोन तास अन् नंतर एक तास पाण्याशिवाय पोटात काही घालायचं नाही."

"कसली एवढी गोळी?"

हवापाणी सांगावं तसं तिनं सांगितलं. सास्तूरच्या शाळेतल्या मास्तरांची पोरगी ती, वैदेही. रक्ताचा कॅन्सर झाला होता. भावाच्या मूळपेशी अंगात घातल्या, बरी झाली. पण तो परत उगवू नये म्हणून दोन वर्षं गोळ्या... सकाळी नऊ, रात्री नऊ. दर महिन्याला सोलापुरात रक्ताची तपासणी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दाखवेन तर इरम्मा कसली! "मग आत सरकून बस," म्हणाले, "तिथं धूळ येते."

ड्रायव्हरला आमचा चहा आवडला. तेव्हापासून गाडी रोज आमच्या दारात वीस मिनिटं थांबायला लागली. वैदेही यायची ती महिन्यातून एकदाच. त्या दिवशी महांतेश पहाटेच दाढी करून बसायचा. तिचं टेबल उकळत्या पाण्यानं तीनदा पुसायचा. मला ताप असतानाही या पोरानं कधी पेला विसळला नव्हता!

"केस वाढले..." तो म्हणायचा.

"तुमचं लक्ष भाकरीवर नसतं वाटतं?"

"भाकरी रोज दिसते."

ती मान खाली घालायची. "तुमच्या चुलीचा वास सोलापूरपर्यंत येतो माझ्यासोबत."

"मग एकदा खाऊन बघा की."

"वीस मिनिटांत तास कसा बसवू?"

तेवढ्यात हॉर्न. गाडी दिसेनाशी झाली तरी पोरगं रस्त्यावर उभंच. मी हाक मारायचे, "म्हांत्या, भाकरी करपली!" करपते कशाला, मीच तर भाजत असायचे.

तिच्या गोळ्यांचा दहावा महिना होता. थंडी लई पडली होती. वैदेही आली, मास्क खाली केला अन् म्हणाली, "आज वाढा."

महांतेश उडालाच. मी भाकरी थापायला घेतली. तेवढ्यात तिच्या पर्समध्ये फोनचा गजर वाजला. तिनं तो घाईनं गप्प केला. मी घड्याळाकडं पाहिलं. नऊ!

ताट तिच्यापुढं आलं होतं. मी जाऊन उचललं.

"गोळी कुठाय?"

"अक्का... आज अकराला घेते ना. एक दिवस मला चारचौघींसारखं..." तिनं माझ्या हातातल्या ताटाकडं पाहिलं. "यांच्यासमोर बसून..."

"या दारातून मी कुणाला उपाशी उठवलेलं नाही. पण गोळी चुकवून माझी भाकरी खायची नाही. काढ आधी."

तिनं गोळी घेतली. हॉर्न वाजला. ती उठली, तसा महांतेश म्हणाला, "जाऊ नका. पुढची गाडी सव्वादहाला आहे."

ती उभी राहिली... आणि बसली. एस.टी. तिच्याविना गेली.

मधे रिकामं टेबल, अलीकडं हा, पलीकडं ती. मी चुलीकडं तोंड केलं. कान मात्र त्यांच्याकडंच.

"अजून चौदा महिने गोळ्या आहेत, महांतेश. नंतरही तो परत येणार नाही, असं कुणी लिहून देत नाही. माझ्यात जीव अडकवू नका."

"अडकलाय."

"घरचे काय म्हणतील?"

"घरची तिथं पीठ मळतीये. सगळं ऐकतीये."

मी परात मुद्दाम आपटली. ती खुदकन हसली, मग म्हणाली, "मी शब्द देऊ शकत नाही."

"मागितला कुणी? समोर बसलात... तेवढं पुरे."

दहाला तव्यावरची फुगलेली भाकरी मी तिच्या ताटात टाकली. तिनं ती मोडली, वाफ तोंडावर घेतली, अन् अर्धी त्याच्याकडं सारली.

सव्वादहाची गाडी आली. पायरीवर चढता चढता तिनं कंडक्टरला विचारलं, "पुढच्या महिन्यात इथून याच गाडीत जागा मिळेल ना?"

"मिळंल की. किती जण?"

तिनं मागं वळून महांतेशकडं पाहिलं.

"सध्या..." ती म्हणाली, "एकटीच."

आता त्या 'सध्या'पायी माझं पोरगं चौदा महिने रस्त्यावर उभं राहणार, हे मला दिसत होतं. मी त्याला हाक मारली नाही.