आर अक्षराचं पाऊल

ही हकिकत मला नीट आठवते का, याची माझी मलाच खात्री नाही. वय झालं, पाहिलेलं कुठलं आणि नंतर मनानं जोडलेलं कुठलं, हे आता वेगळं काढता येत नाही. पण त्या कानशीच्या आवाजाबद्दल मात्र मला शंका नाही. तो मी ऐकला.

अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस थांबला होता आणि विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता. अकोल्यात खुशालरावांनी नवा छापखाना काढला. मी इंग्रजी शिकलेला, म्हणून मुद्रितं तपासायला मला पुण्याहून बोलावून घेतलं. कापसाच्या प्रत्येक गाठीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर ‘बेरार’ हे वऱ्हाडचं साहेबी नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापायचं होतं. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, विलायती होते, फार देखणे. आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकतात. ही पायांवर उभी राहतात. प्रत्येक पायाखाली एक बारीक आडवी रेघ, माणसानं जमिनीवर पाऊल टेकवावं तशी. पण बैलगाडीतून येताना ‘आर’चे सगळे खिळे नेमके त्या पावलापाशीच मोडले. विलायतेहून दुसरे मागवायचे तर हंगाम निघून गेला असता.

सूर्यभान सोनार देवांचे टाक घडवायचा. माणूस डावखुरा, हात मोठा नाजूक. त्याला पोलादी ठसा कोरायचं काम दिलं. तो ठसा तांब्यात ठोकायचा आणि त्या खाचेत शिसं ओतून हवे तेवढे खिळे पाडायचे.

“पी अक्षराला एक तंगडी जोड. झाला आर,” मी त्याला म्हणालो.

“तंगडी जोडाले काय लागते, मास्तर? पाऊल नीट पडलं पायजे. नाईतं अक्षर लंगडते.”

“दसऱ्याच्या आत दे,” खुशालराव म्हणाले, “नाईतं तूच लंगडत घरी जाशीन.”

सूर्यभान हसला. त्यानं शब्द दिला. भादव्यात त्याला पटकी झाली आणि एका दिवसात तो गेला. ठसा जवळजवळ झाला होता. फक्त शेवटचं पाऊल राहिलं होतं.

दहाव्याला मी मोर्णा नदीच्या काठी गेलो. पिंड मांडला, पण कावळा शिवेना. सूर्यभानचा धाकटा भाऊ चंद्रभान हात जोडून उभा होता.

“दादा, तुह्या पोरायले मी पायतो... वयनीले काई कमी पडू देत नाई...”

कावळे बाभळीवर बसून होते. ऊन डोक्यावर आलं. मग मागे बसलेली सूर्यभानची बायको मनकर्णा उठली आणि पिंडासमोर आली.

“तुमचं पाऊल राह्यलं ना?” ती हळूच म्हणाली. “ते मी घालीन. आता निघा.”

कावळा झेपावला. जमलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

परतताना ती मला म्हणाली, “मास्तर, म्या शब्द देल्ला. आता नाई झालं तं ते वाटंतच अडकून राह्यतीन. अक्षर कसं पायजे ते दाखवाले या.”

तेरावं उरकल्यावर मी तिच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. मी दारातच बसलो. इतकी वर्षं नवऱ्याची भट्टी फुंकून आणि हत्यारं घासून तिचाही हात तयार झाला होता. तिनं ठसा पकडीत आवळला, कानस उजव्या हातात घेतली आणि काम सुरू केलं. बाहेर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. हळूहळू त्यांची खडखड ऐकू येईनाशी झाली. उरली ती फक्त कानस... कर्र... कर्र... तो गेल्यापासून भट्टी थंड होती, तरी खोलीत तापल्या पोलादाचा वास भरत चालला.

घाम पुसायला तिनं कानस खाली ठेवली. दोन्ही हात पदराशी होते.

आवाज चालूच होता.

“बाई... ऐकलंत?”

“ऐकून राह्यली,” ती मान वर न करता म्हणाली. “तिकडं पाहू नका.”

तिकडं सूर्यभानची बसायची फळी होती. मी पाहिलं नाही. तिनं पुन्हा कानस उचलली.

दिवेलागणीला ती “झालं” म्हणाली. ठशाचं तोंड दिव्याच्या काजळीत धरून तिनं कागदावर दाबलं. ‘आर’ उभा राहिला. कुठं लंगडत नव्हता. दसऱ्याच्या आत चिठ्ठ्या छापून निघाल्या आणि गाठी मुंबईला गेल्या.

पुढे छापखाना बंद पडला तेव्हा तो ठसा मी आठवण म्हणून मागून घेतला. पुष्कळ वर्षांनी मुंबईत खिळे पाडणाऱ्या एका कारखान्यात गेलो असताना तिथल्या म्हाताऱ्या कारागिराला तो दाखवला. त्यानं भिंगातून बराच वेळ पाहिला.

“डावखुऱ्याचं काम,” तो म्हणाला. “कानशीचे ओरखडे बघा, सगळे एकाच बाजूला कललेले.”

“पावलावरचे सोडून,” मी म्हणालो. “ते दुसऱ्या माणसानं केलंय. उजव्या हातानं. माझ्यासमोर.”

त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. मी पावलापाशी पाहिलं. दोन-तीनदा चष्मा पुसून पाहिलं. तो बरोबर होता. डोक्यापासून पावलाच्या टोकापर्यंत सगळे ओरखडे एकाच, डाव्या हाताचे होते.

कावळा शिवला दहाव्याला. पाऊल घातलं गेलं ते त्यानंतर.