नकाशावरचा चुकार ठिपका

डब्यांची पेटी दोन्ही हातांत, ओली छत्री हनुवटीखाली दाबलेली, आणि समोर आरोग्य केंद्राचं बंद दार. मी खांद्याने ढकललं... नेमकं तेव्हाच आतून कुणीतरी ओढलं! मी थेट आत आणि माझे सगळे डबे फरशीवर घरंगळत सुटले.

"हे... कशासाठी?" गुडघ्यांवर बसून डबे गोळा करत त्याने विचारलं.

"शौचाचे नमुने घ्यायला."

"बरं झालं, रिकामे होते!"

हा मूजिन, सोमजिन नदीवरच्या बांधाच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या केंद्रातला तपासनीस. त्याच्या खुर्चीमागे त्यानेच रंगवलेली पाटी : कच्चा मासा खाऊ नका.

आणि मी युरिम. कच्च्या माशातून माणसाच्या यकृतात शिरणाऱ्या चपट्या कृमींवर माझा प्रबंध. माझं म्हणणं असं, की बांधाच्या वर, आमच्या खेड्यात, या कृमींचं कूळच निराळं असणार. मासे बांध ओलांडत नाहीत, तर कृमी कशी ओलांडेल? जनुकं तपासली की सिद्ध झालंच! पण त्यासाठी नमुने हवेत, आणि आमचं गाव अडून बसलं. सगळ्यांत पुढे माझे अप्पा.

"तुझी दुपटी मी धुतली," अप्पा गरजले, "म्हणून आता माझा डबा तू तपासणार? गावात तोंड दाखवू का नको?"

रडकुंडीला येऊन मी मूजिनसमोर बसले.

"रडताना तुमचं नाक फार छान लाल होतं," तो म्हणाला.

"अहो, इथे माझा प्रबंध बुडतोय!"

"मग वाचवू या की."

पुढच्याच आठवड्यात अप्पांनी गुपचूप डबा आणून दिला. मग काय, त्यांच्यामागे अख्खं गाव!

"काय जादू केलीत?" मी मूजिनला विचारलं.

"काही नाही... गप्पा मारल्या." आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला.

कूळ खरंच निराळं निघालं! प्रयोगशाळेत मी एकटीच नाचले. नकाशावर बांधाच्या वर सगळे लाल ठिपके, खाली सगळे निळे. शरद ऋतूत खालच्या गावाचे उरलेले नमुने आले, केंद्रातल्या लोकांचेही. आणि निळ्यांच्या ऐन मध्यावर एक लाल ठिपका उगवला. मूजिनचा! वरची कृमी खाली सापडते, म्हणजे माझं सगळं म्हणणंच कोसळलं.

मी तडक केंद्र गाठलं. "डबे बदललेत तुम्ही! सगळा नकाशा नासवलात!"

"नाही बदलले."

"मग आमच्या ओढ्यातली कृमी तुमच्या पोटात कशी? स्वतःची पाटी वाचता येत नाही?"

त्याचे कान लालबुंद झाले. "तुमचे अप्पा म्हणाले... जो माझ्या ताटातलं खात नाही, त्याला मी काहीच देत नाही. कच्चे मासे, तिखट चटणी... सगळी ताटली संपवली. वर सोजू दारूचे पेले."

"पण का?"

"नकाशा कोराच राहिला असता, तर तुम्ही परत गेला असता... मग मी दार कुणासाठी ओढायचं?"

माझा राग कुठे गेला, कळलंच नाही.

"वेडा आहेस तू," मी म्हटलं आणि औषधाच्या गोळ्या त्याच्या हातात कोंबल्या. "आधी या घे!" हात मात्र त्याने बराच वेळ सोडला नाही.

प्रबंध मांडायचा दिवस उजाडला. सभागृह भरलेलं. मागच्या रांगेत अप्पा, लग्नातला सूट घालून, शेजारी मूजिन. तो ठिपका पुसायचा मोह मला झाला होता, पण खोटं कसं मांडू? परीक्षक सरांनी काठी नेमकी तिथेच टेकवली.

"हा लाल ठिपका खाली कसा? इथे तुमचा सिद्धान्त मोडतो."

मी मागे पाहिलं... मूजिन उठून उभा राहिला होता.

"तो ठिपका मी आहे, सर. मासा मी वरच खाल्ला. बांध कृमीने नाही, मी ओलांडला."

"तुमचा त्या गावाशी काय संबंध?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. याचं उत्तर मलाच द्यायचं होतं.

"सर," मी माईकजवळ गेले, "ते आमच्या गावचे जावई आहेत. म्हणजे... होणार आहेत."

टाळ्यांचा नुसता कडकडाट! सर हसत हसत काठी ठेवून बसले. सिद्धान्त उभाच होता.

त्या गलक्यात अप्पांचा आवाज सगळ्यांच्या वर चढला : "जावई म्हटल्यावर आपल्या रीतीप्रमाणे अंडी देणारी कोंबडी कापलीच पाहिजे! आणि या वेळी शिजवून बरं का!"