सात नंबरची नाडी

निशा दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा निव्वळ प्रामाणिकपणापायी. नर्सिंगच्या प्रॅक्टिकलला एका पेशंटमागे दहा मिनिटं मिळतात. ताप, नाडी, श्वास, बीपी, सगळं त्यातच उरकायचं. ही बाई घड्याळ लावून अख्खं मिनिट नाडी मोजत बसायची आणि बाकीचं तसंच राहायचं.

"अगं पागल, पंधरा सेकंद मोज आणि चारनं गुणून टाक," शहरात सिंधीपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत तिची रूम पार्टनर हिमानी कपाळावर हात मारून घ्यायची. "नाहीच सापडली तर बहात्तर ठोक ना! मॅडम थोडीच चेक करते!"

सगळ्याच मुली ठोकायच्या. निशाला ते पटत नव्हतं. पण निंबोला गावाहून वडिलांचा, कौतिकरावांचा, फोन आला होता. यंदा पास नाही झालीस तर घरी ये, स्थळ बघून ठेवलंय. केळीच्या मळ्यातून बाहेर पडायला तिला चार वर्षं झगडावं लागलं होतं. परत तिथं जायचं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी अकरा वाजता वॉर्डात ऊन भरलं होतं. हिमानी आधी आत गेली. बाहेर आली ती बोटं चोळत.

"काय झालं गं?"

"सात नंबर," ती एवढंच म्हणाली. मग नळावर जाऊन हात धुऊ लागली. धुतच राहिली.

निशालाही सात नंबरचीच खाट मिळाली. खिडकीपाशी मालूबाई नावाची हसरी म्हातारी पडली होती. उशाशी तक्ता. सकाळपासून चार मुलींनी त्यावर ताप लिहिला होता, श्वास लिहिले होते. नाडीचा रकाना चौघींचाही कोरा. चौथी सही हिमानीची.

हिमानीचा रकाना कोरा? बहात्तर ठोकणारीचा?

"आजी, मी निशा. तुमची नाडी बघते."

"बघ ना माय."

भर उन्हात मनगट गार होतं. निशानं बोटं ठेवली, सरकवली, दाबली. काही नाही. कोपराशी पाहिलं, मानेशी पाहिलं. म्हातारी मजेत पंख्याकडे बघत होती.

"सापडत नाही ना? कोणालेच सापडत नाही. पोरी घाबरून जातात." तिनं मान वळवली. "तू लिही ना माय. कोणी लिहीतच नाही."

"दो मिनट!" परीक्षक मॅडम लांबून ओरडल्या.

निशा रडायच्या बेतात होती. तिनं पेन उचललं.

७२.

बोटांखाली काहीतरी हललं. मग एक ठोका. मग ठोक्यांमागून ठोके, भरदार, एकसारखे.

"अगं माय गं," मालूबाईनं डोळे मिटले. "किती दिवसांनी!"

आणि तिनं निशाचं मनगट घट्ट धरलं. वेळ संपेपर्यंत सोडलं नाही.

मॅडमनी न बघताच सही केली.

निशा पास झाली. कौतिकरावांनी शहरातल्या इतवाऱ्यातून मावा जिलेबी नेऊन गावभर वाटली आणि स्थळाला नकार कळवला. महिन्याभरात नोकरीही लागली.

रुजू व्हायच्या दिवशी तिचीच वैद्यकीय तपासणी होती. तिथल्या विमल सिस्टरनी गप्पा मारता मारता तिचं मनगट धरलं. घड्याळ बघितलं. बोटं सरकवली.

"दुसरा हात दे बरं."

निशानं दिला. त्यांनी तिच्या मानेला बोटं लावली, बराच वेळ तशीच ठेवली, आणि दाराकडे बघत हळूच विचारलं,

"तुझ्यासोबत घरचं कोणी आलंय का गं?"