शेवटचा दिवा आधी

प्रोसेसर बदलायचा की नाही, यावर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा आमच्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता.

नवऱ्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर जुना. मी या घरात आले त्याच्या आधीपासून तो इथे आहे, म्हणजे नात्याने माझा थोरला दीरच. तसा मानही तो घ्यायचा. उन्हाळ्यात त्याच्या पोटातला पंखा फिरायला लागला की आम्हाला टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा.

मी लिफ्टची तपासणी करते. दोर, ब्रेक, दारं. लिफ्ट अडकली तर तिला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत मी लोकांना घाम फोडते, असा माझा लौकिक आहे. भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारते, वायरिंग कधी तपासलं होतं?

सासरे गेले आणि सासूबाई गप्प झाल्या. विचारलं तर हो, नाहीतर नाही. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. एका संध्याकाळी नवरा शहर वसवायचा गेम खेळत होता. रस्ते आखायचे, घरं बांधायची, पाणी आणायचं. सासूबाई मागे येऊन कधी बसल्या कळलंच नाही. एकदम म्हणाल्या, "तिथे शाळा नको. चढ आहे, पोरं दमतील."

नवरा माऊस सोडून बघतच राहिला. मला तर भरूनच आलं, पण मी मेलीने विचारलं काय, तर मग शाळा कुठे काढायची?

त्या दिवसापासून शहर त्यांचं झालं. त्या हुकूम सोडायच्या, नवरा बांधायचा, मी खोट काढायचे. दवाखान्यासमोर बागच हवी म्हणून त्या माझ्याशी भांडल्या आणि जिंकल्या. नवऱ्याने त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात छोटंसं घर बांधलं, दाराशी पायरीसकट, अगदी आमच्या घरासारखं. त्या पुन्हा पोटभर जेवायला लागल्या. घरात हसण्याचा आवाज यायला लागला.

शहर वाढलं तसा आमचा दीर धापा टाकायला लागला. पडद्यावरची माणसं चालता चालता थिजायची, पंखा घरघरायचा, मग सगळं पुन्हा सुरू. नवऱ्याने निदान केलं की ग्राफिक्स कार्ड ठणठणीत आहे, प्रोसेसर म्हातारा झालाय. एवढ्या माणसांची धावपळ सांभाळणं त्याला झेपत नाही.

असाच एकदा कॉम्प्युटर अडकला आणि सुटला, तेव्हा गावाबाहेरच्या एका रस्त्याच्या टोकाला दिवा लागलेला होता. तो रस्ता आम्ही नुसता आखून ठेवला होता. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. पुन्हा अडकला, पुन्हा सुटला. त्या दिव्याच्या अलीकडे आणखी एक.

"शेवटचा आधी," सासूबाई हळूच म्हणाल्या.

सासरे वायरमन होते. नवीन वस्तीत दिवे जोडायचे झाले की ते सगळ्यात टोकाच्या खांबावर आधी चढायचे आणि तिथून मागे येत राहायचे. साहेब लोक वैतागायचे. सासरे म्हणायचे, टोकाला राहणाऱ्याला कायम वाटतं की आपल्यापर्यंत काही पोचायचं नाही, त्याचं आधी करावं. गंमत म्हणजे आता आमच्याच दारासमोरच्या खांबावर दिवा नाही. ते गेल्यानंतर कुणीतरी बिघडलेला काढून नेला, तो नेलाच. वर नुसती लोखंडी दांडी आहे.

मी माझ्या परीने तपासलं. इंटरनेट काढलं. शहर तेवढं बाजूला जपून ठेवून गेम पुसून नव्याने घातला. नवऱ्याला हात वर करून बसायला लावलं, तो बिचारा बसलासुद्धा. कॉम्प्युटर अडकायचा, सुटायचा, दिवा लागलेला असायचा. मला कारण मिळेना आणि त्या दोघांना ते नकोच होतं. अडकला की मायलेक टाळ्या वाजवायचे. खरं सांगते, पुढे पुढे मीही वाजवायला लागले. इतकं मजेत आमचं घर कधीच नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं की दिवे एकाच दिशेने येतायत. बागेला वळसा घालून, दवाखान्यावरून, पायरीच्या त्या छोट्या घराकडे. सासूबाईंना ते आधीच कळलेलं होतं. त्या रोज केस नीट विंचरून खुर्चीत बसायच्या.

त्याच सुमारास कॉम्प्युटर खेळता खेळता बंद पडला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं. म्हणाला, बाकी सगळं चांगलं आहे, याच बोर्डात बसणारा वेगवान प्रोसेसर माझ्याकडे आहे, तो घाला. नाहीतर एक दिवस तुमचं शहर उघडणारच नाही.

आता आली का पंचाईत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बदलला तर अडकणं गेलं, म्हणजे दिवे गेले, आणि आई पुन्हा गप्प झाली तर? नाही बदलला तर आईचं सगळं शहरच जायचं. नवरा रडकुंडीला आला. मी आपली बदला, बदला म्हणत होते. मला भीती वाटत होती. त्या घरापाशी पोचायला फारसे दिवे उरले नव्हते.

निकाल सासूबाईंनीच लावला.

"बदल रे," त्या लेकाला म्हणाल्या. "त्यांना काय यायला तेवढी एकच वाट आहे?"

दुरुस्तीवाल्याने जुना काढला, नवा बसवला. शहर पाण्यासारखं वाहायला लागलं. ना अडकणं, ना घरघर. दिवे घराच्या थोडं अलीकडे होते तिथेच थांबले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि सासूबाई गप्प झाल्या नाहीत. उलट स्वयंपाक करताना गुणगुणायला लागल्या, माझ्या भाजीला नावं ठेवायला लागल्या. मला तीही गोड वाटली.

आज संध्याकाळी कामावरून आले तर त्या पायरीवर बसल्या होत्या, मधोमध. मी चहा घेऊन शेजारी टेकले. दिवेलागण झाली होती. आमच्या गल्लीतले दिवे एकाच बटणावर आहेत, सगळे एकदम लागतात.

टोकाचा दिवा लागला. एकटाच.

मग त्याच्या अलीकडचा.

वायरिंग, मी मनाशी म्हटलं. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि कपाळावरची बट मागे सारली.

आणखी एक. मग शेजारच्यांच्या फाटकासमोरचा.

आतून नवरा आनंदाने ओरडला, "अगं, अडकला! नवा आहे, तरी अडकला!"

मी समोरच्या खांबाकडे बघितलं. वर नुसती दांडी होती. खाली पायरीवर आम्हा दोघींच्या सावल्या लख्ख पडल्या होत्या.

सासूबाई जरा सरकून बसल्या, जागा करून.