रुपराव भोयरांचे अकरा मासे

रुपराव भोयर खुर्चीवर बसले नाहीत. आधी त्यांनी टेबलावर एक छोटी बाटली ठेवली.

"माझ्या सुनेच्या कपाटात सापडली. वास घेऊन पाहा."

कवडू नेवारेने झाकण उघडलं आणि लगेच लावलं. सडक्या अंड्यांचा वास. लेबल भिजून निघून गेलेलं, बुडाशी सीताबर्डीच्या एका दुकानाचा शिक्का. विषच, तो मनाशी म्हणाला. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून तो सदरच्या या खासगी तपासाच्या ऑफिसात शामला गोतमारेच्या हाताखाली काम करत होता. शामलाताई मात्र बाटलीकडे नाही, रुपरावांकडे पाहत होती.

"सौरव, माझा एकुलता एक पोरगा, दिवाळीनंतर कावीळ होऊन गेला. हॉलमधली सहा फुटी माशांची टाकी त्यानं तीन वर्षांमागं स्वतः बनवली. फिल्टरही घरचाच. खाली ड्रम, त्यात भांडी घासायच्या जाळ्या अन् दगड. अकरा ऑस्कर मासे होते. माझ्या हातून खात." ते थांबले. "तेरा तारखेपासून एकेक मेला. सतराले शेवटचा. पंधराले अन् सोळाले मी पहाटे पाहिलं, दामिनी टाकीत याच बाटलीतलं ओतून राहिली होती."

"तिनं असं काहून करावं?" कवडूने विचारलं.

"टाकी आहे तोवर सौरव घरात आहे. तिले मोकळं व्हायचं आहे. आर्वीले तिच्या भावाले फोन करून सांगितलं मी सगळं. उद्या तिले पाठवून देतो म्हटलं. फक्त पुरावा पाहिजे."

रुपरावांच्या लकडगंजच्या घरात वरच्या मजल्यावर टाकीचा पंप अजून सुरू होता. नितळ पाण्यात एकही मासा नव्हता. शामलाताईने ड्रम उघडला. तीन वर्षं वापरातल्या जाळ्या दुकानातून आजच आणल्यासारख्या हिरव्यागार, दगड पांढरेशुभ्र. एक दगड तिने नाकाशी नेला.

"फार स्वच्छ ठेवलंय."

दिवसभरात पहिल्यांदाच रुपरावांचा चेहरा उजळला. "सौरवची वस्तू आहे. दहाले त्याचा वाढदिवस होता. त्याच्या वस्तूवर मी डाग राहू देत नाई."

खालचे भाडेकरू कृष्णकांत दारातच बोलले. "टाकी गळत होती तेव्हा भांडलो मी. पण मासे कशाले मारू? हां, दहा तारखेले वरून दिवसभर पाणी आलं. बायकोच्या वाळत्या साडीवर पांढरे डाग पडले. गच्चीवर कोण होतं, ते नाई पाहिलं."

वर दामिनी आतल्या खोलीत बॅग भरत होती.

"दहाले कुठं होतीस वं?" कवडूने विचारलं.

"अमरावतीले. शाळेचं ट्रेनिंग होतं, नऊ ते अकरा."

"बाटलीत काय आहे?"

"औषध."

"कशाचं?"

तिने साडीची घडी पुन्हा केली. "मॅडम, मीच केलं असं लिहून द्या. मी तशीही चालली."

कवडूला वाटलं, संपलं. शामलाताई मात्र त्याला घेऊन सीताबर्डीला गेली. तिने एकटीने दुकानात जाऊन चौकशी केली आणि बाहेर येऊन एवढंच सांगितलं, "बाटली दामिनीला चौदाला विकली."

संध्याकाळी तिने सासऱ्याला आणि सुनेला समोरासमोर बसवलं.

"रुपरावजी, पहिला मासा तेराला मेला. बाटली चौदाला घरात आली. मग तेराचा कशानं मेला? अन् विष टाकलं असतं तर सगळे एकदम गेले असते. हे पाच दिवसांत एकेक करून गेले. कारण रोज पाणी थोडंथोडं बिघडत होतं."

"पाणी तर साफ आहे."

"दिसायला. माशांची घाण पाण्यात विष होते. ते विष खाणारे बारीक जीव फिल्टरमध्ये वाढतात, जाळ्यांवर, दगडांवर, त्या तपकिरी थरात. तो थर कोणीतरी ब्लीचिंग पावडरनं धुऊन काढला. दगडाला अजून वास आहे. कृष्णकांतांच्या बायकोच्या साडीवरचे डाग त्याच पाण्याचे. दहा तारखेला दामिनी अमरावतीत होती."

कवडूने रुपरावांकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं.

"बाटलीत पाणी सुधारायचं औषध आहे, त्याला असाच सडक्या अंड्यांचा वास असतो. पहाटे ती पाणी बदलत होती. वाचवत होती."

रुपराव आपल्या तळहातांकडे पाहत होते.

"तुले मालूम होतं?"

"चौदाले ड्रम उघडला तेव्हाच."

"मग सांगितलं काहून नाई, पोरी?"

"सौरवच्या वाढदिवसाले तुम्ही दिवसभर गच्चीवर बसून एकेक दगड धुतला असेल. त्यानंच मासे मेले, हे तुम्हाले कोणत्या तोंडानं सांगू?"

रुपरावांनी मान वर केली. मग म्हणाले, "नको जाऊ."

"मासे मेले म्हणून नाई चालली मी, बाबा. तुम्ही मले विचारलं नाई. एकदाही." ती शांतपणे बोलत होती. "दादाले फोन केला, पण मले विचारलं नाई."

कवडूने तीस वर्षांत कितीतरी कबुल्या ऐकल्या होत्या. त्याला तिथून उठून जावंसं वाटलं. पण शामलाताई बसून होती, म्हणून तोही बसला.

"तुझ्या भावाले जे बोललो, ते त्याच्यासमोर बसून परत घ्याले पाहिजे," रुपराव शेवटी म्हणाले. "तू राहा तिथंच. मी फक्त तुझ्यासंग येतो. सांगतो अन् परत येतो."

दामिनीने डोळे पुसले. उठून पंपाचं बटण बंद केलं. घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं.

"बस सकाळी आठची आहे," ती म्हणाली. "स्वेटर घालून या. रस्त्यात थंडी लागते."