मेंढवाड्यातली अकरा मिनिटं

ब्रिन्या, तो भिंतीवरचा दिवा मालव. आणि सगळे खांद्यापर्यंत गरम पाण्यात बसा, कुंडाबाहेर उणे बारा आहे. तुम्ही रेक्याविकची पोरं, विचारलंत म्हणून सांगतो. गावात कुणी हा विषय काढत नाही.

ओर्मुर माझा जोडीदार. सरकारी टीव्हीत बावीस वर्षं आम्ही एकत्र काढली. कॅमेरा त्याचा, आवाज माझा. मी निवृत्त झालो, तो अजून नोकरीत होता. दोन वर्षांपूर्वी, एकतीस डिसेंबरला, तो माझ्याकडे जेवायला आला. रात्री नऊला, धुरावलेलं मटण ताटात पडतंय तोच पडद्यावरचं चित्र गेलं. डोंगरावरचा प्रक्षेपणाचा मनोरा बंद पडला होता. आणि साडेदहाला वर्षअखेरचा विनोदी कार्यक्रम! तान्ही पोरं सोडली तर या देशात तो कोण बघत नाही? छोटं खातं आमचं. मनोऱ्याची किल्लीही ओर्मुरकडेच असायची. त्याला फोन आला, जाऊन ये.

"माझ्या वाटचं मटण कुत्र्याला घालू नकोस," म्हणाला नि निघाला.

त्या वाटेवर मार्टेइनचं घर लागतं.

आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात, हिमवादळात, मार्टेइनची चाळीस मेंढरं गाडली गेली. आम्ही बातमी करायला गेलो. सत्तरीचा एकटा माणूस. मेंढवाड्यात गुडघ्यांवर बसला आणि एकेकीला हाक मारून रडला. भुरी, काजळी, टिकली... मग सावरून म्हणाला, "हे तेवढं दाखवू नका, बाबांनो." ओर्मुरने त्याच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला.

बातमीत नाहीच दाखवलं. त्याच साली वर्षअखेरच्या कार्यक्रमात दाखवलं. ओर्मुरनेच नेऊन दिलं होतं. वर हशा जोडला.

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं?"

होतं, ब्रिन्या.

मोठ्या देशात माणूस तोंड तरी लपवू शकतो. इथे कुठे जाणार? दुकानात, चर्चमध्ये, याच कुंडात, मार्टेइनला बघून लोक बें बें करायचे. फेब्रुवारीत तो मेंढवाड्यातच मेलेला सापडला. ओर्मुर म्हणाला, "म्हातारा जरा नाजूकच होता."

असो. त्या रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी चित्र परत आलं. दहा पंचविसाला ओर्मुरचा फोन.

"मार्टेइनच्या घरात कोण राहतं रे आता?"

"कुणी नाही. वीजसुद्धा तोडलीय."

"टीव्ही चालू आहे. खिडकीवर निळा उजेड नाचतोय."

"मग दार वाजव. कॉफी मिळते का बघ."

तो हसला नाही.

"कुणीतरी हाका मारतंय... मेंढवाड्यातून."

"कुणाला? तुला?"

"नाही... मेंढ्यांना."

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. बर्फावर पावलं. लांब गेली. मग काही नाही...

मी थांबलो थोडा. पण कार्यक्रम सुरू होत होता. मी फोन ठेवला.

दोन-तीन प्रसंग झाले असतील. मग पडद्यावर मेंढवाडा आला. मधोमध ओर्मुर. गुडघ्यांवर. अंगात कोट नाही. हात जोडलेले.

"दार उघडा," म्हणत होता. "तुम्ही बघताय... दिसतंय मला. कुणीतरी या."

वर हशा. तोच, जोडलेला.

मग तो नावं घ्यायला लागला. भुरी. काजळी. टिकली... एखादं चुकलं की दचकायचा. पुन्हा पहिल्यापासून. दात वाजत होते. भुरी. काजळी...

माझी बायको हसून हसून डोळे पुसत म्हणाली, "मेला सोंगाड्या. आपल्याला सांगितलंसुद्धा नाही." मलाही वाटलं, आधीच चित्रित केलेलं असणार, मघाचा फोनही त्याच गमतीतला. मी हसलो. पोट धरून हसलो. अकरा मिनिटं. आमच्या खाडीकाठच्या सगळ्या घरांत हेच चाललं होतं. कुणी जागचं उठलं नाही.

बाराला फटाके झाले. तो आला नाही. मी चार पेले घेतले होते, म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी गेलो. फोन गाडीत, सीटवर. मेंढवाड्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. बोटाने उघडलं.

तो तसाच होता. गुडघ्यांवर. हात जोडलेले. डोळे उघडे...

"पण आजोबा, आम्ही तोच कार्यक्रम पाहिला. आमच्याकडे असलं काही नव्हतं."

नव्हतंच. मी नंतर कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मागवून पाहिलं, त्यातही नाही. फक्त आमच्या खाडीत दिसलं, आमच्या त्या मनोऱ्यावरून. आणि आत कॅमेराही नव्हता. पोलिसांनी सगळं धुंडाळलं.

फक्त... त्या वाड्याचं छप्पर मोडलेलं आहे. आदल्या संध्याकाळी आत ताज्या बर्फाचा थर बसला होता. त्यावर ओर्मुरची पावलं होती. त्याच्या गुडघ्यांच्या खुणा होत्या. आणि त्याच्या समोर, चार हातांवर, तीन भोकं. बारीक, खोल. कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय रुततात ना, तशी. बावीस वर्षं पाहिलीत मी. चुकणार नाही.

तिपाईमागे जो उभा राहतो, त्याची पावलं शोधली मी. खूप शोधली...

बर्फ कोराच होता.