येते हं

कडी वाजली. एकदाच, तीही नखाने टिचकी मारावी तशी. पण दुपारच्या शांततेत ती टाचणीसारखी घुसली आणि थोपटून थोपटून नुकतीच झोपवलेली भिंगरी मांडीवर ताठ बसून रडायला लागली.

"बेल बसवायला आलोय, मॅडम," दाराबाहेरून आवाज आला. "तुमच्याकडे बेलच नाही, म्हणून कडी वाजवली."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्यासाठीच तर त्याला बोलावलं होतं.

घर नवं होतं. इतकं नवं, की कपाटं उघडली तर रंगाचाच वास यायचा आणि कितीही पुसलं तरी फरशीवर पांढरी धूळ उमटायची. आजूबाजूचे प्लॉट मोकळे. समोर कुणाच्या तरी बांधकामासाठी आणून टाकलेला खडीचा ढीग, त्यापलीकडे रस्त्याचं वळण, आणि मग काहीच नाही. आमच्याआधी या घरात कोणी राहिलेलं नव्हतं. आमच्याआधी इथे घरच नव्हतं. हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा समजावलं.

नवऱ्याची नोकरी फिरतीची, महिन्यातले बरेच दिवस तो बाहेरगावी. मी रुग्णालयात कानाच्या चाचण्या घेते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आवाज बारीक बारीक करत जायचं आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं. भिंगरी झाल्यापासून रजेवर होते. ती रजा वाढवून वाढवून चिंधी झाली होती. सोमवारी रुजू झाले नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. भिंगरीला सांभाळायला नणंद येऊन राहिली होती. ताईंच्या जिवावर मुलगी निर्धास्त सोडता येईल. पण दार नाही. त्या 'कोण आहे' विचारायच्या आधी दार उघडतात. म्हणून ही कॅमेऱ्याची बेल.

बेलवाल्याने दोन मॉडेलं आणली होती. "दोन्ही वापरून बघा. पटेल ती ठेवा."

पहिली बेल भित्री निघाली. पान हललं, मांजर गेलं, ढगाची सावली पडली, की माझा फोन किणकिणायचा.

"मांजराची हजेरी घ्यायला आणलीस का गं ही?" ताईंनी विचारलं.

दुसरी शहाणी होती. फक्त माणूस ओळखायची, आणि तो दारातून आत आला की बाहेर गेला, ते चक्क मराठीत कळवायची. आतल्या भिंतीवर छोटा पडदा, त्याखाली बोलायचं बटण. भिंगरीने स्टुलावर चढून ते बटण पहिल्याच दिवशी आपलंसं केलं आणि पायरीवर उभ्या असलेल्या मला आतून फर्मान सोडलं, "आई, तू भू कर!" मी भुंकले. दुसरी बेल ठरल्यातच जमा होती.

त्याच दिवसांत आमची सोमवारची तालीमही चालली होती. सकाळी मी पर्स खांद्याला लावायची, दारात वळून "येते हं" म्हणायची आणि खडीच्या ढिगामागे जाऊन उभी राहायची. सुरुवातीला तिने टाहो फोडला. मी परत आल्यावर तिला जवळ घेऊन सांगितलं, "आई 'येते' म्हणाली ना, की येतेच." मग हळूहळू तिचं रडं थांबलं. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, तो शब्द येईपर्यंत. तो पडला की मान हलवून आत पळायची. माझाच पाय उंबऱ्यात अडकायचा.

अशाच एका दुपारी आम्ही दोघी फरशीवर ठोकळे मांडून बसलो होतो. ताई आत पडल्या होत्या. फोन किणकिणला.

दारातून व्यक्ती बाहेर गेली.

दार माझ्या समोर होतं. बंद, वरची कडी लावलेली.

मी चित्रण उघडलं. पायरी, पायपुसणं, खडीचा ढीग, ऊन. माणूस नाही. आणि अगदी जवळून, माझ्या आवाजात: "येते हं."

सकाळच्या तालमीचा आवाज असणार. मी बेलवाल्याला फोन केला.

"होतं असं कधी कधी," तो म्हणाला. "जुना आवाज नव्या चित्राला चिकटतो. मेमरी साफ करून टाका."

केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीच रिकामी पायरी, तेच "येते हं".

या वेळी मी माझे कामाचे हेडफोन काढले. बहुतेकांना स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रणात परका वाटतो. मला वाटत नाही, चाचण्यांसाठी मुद्रित केलेला माझाच आवाज ऐकण्यात माझी वर्षं गेली आहेत. तो माझाच होता. पर्सची चेन ओढल्याचा बारीक आवाज आधी, मग श्वास, मग शब्द. आणि त्या शब्दांच्या मागे, जाड दाराच्या आडून आल्यासारखं, अगदी पुसट काहीतरी. मी आवाज वाढवला.

"…मग हत्तीचा बूट सापडला कुठे?"

आणि भिंगरीची किंकाळी, "सोंडेत!"

ती गोष्ट मी त्याच दुपारी रचली होती. त्याआधी कधी सांगितलेली नव्हती. मी आत गोष्ट सांगत होते आणि त्याच क्षणी मीच दाराबाहेर निरोप घेत होते.

मी ताईंना ऐकवलं.

"तुझाच की गं आवाज! बाहेर पडताना किती गोड बोलतेस. घरात एवढं गोड बोललीस तर पाप लागेल का?"

"ताई, मी तेव्हा आत होते. तुम्ही पाहिलंत ना मला?"

"मग यंत्राला चळ लागलाय." त्या वाटाणे सोलत राहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारचं टेन्शन घेऊ नकोस. मी आहे ना."

मी दुसरी बेल काढायला लावून पहिली बसवून घेतली. तिने मांजर दाखवलं, पान दाखवलं, आणि त्यांच्या मधेच एकदा रिकामी पायरी. येते हं.

बेलवाला परत आला. त्याने तारा तपासल्या, ऐकलं आणि खांदे उडवले. मी विचारलं, दुसऱ्या कुणाकडे असं झालंय का.

"लोकांची तक्रार येते ती कोणी आलं आणि दिसलं नाही, अशी," तो म्हणाला. "जाणाऱ्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, मॅडम."

तो गेल्यावर मला राहवेना. भिंगरीला ताईंकडे देऊन मी खडीच्या ढिगामागे गेले. मातीत चपलांचे ठसे होते. माझेच, दुसऱ्या कुणाचे असणार? पण मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले. इतक्या वेळा कोणीतरी माझ्या घरातून निघालं होतं. प्रत्येक वेळी 'येते' म्हणून. ते परत आत आल्याची नोंद मात्र एकदाही नव्हती.

तरी बेल हवीच होती. सोमवारपासून दिवसभर ते दार माझ्या नजरेआड असणार होतं. शेवटी दुसरीच ठेवली. कोणी आत आलं तर निदान सांगेल तरी.

सोमवारी सगळं वेळेत झालं. डबा, पर्स, ओळखपत्र. ताई दारात, त्यांचं बोट धरून भिंगरी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

शब्द ओठांपर्यंत आला आणि मला तो दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातला उष्टा घास वाटला.

"जाते मी," मी म्हणाले.

"अगं, 'जाते' काय म्हणतेस!" ताई मागून ओरडल्या. "'येते' म्हण!"

वळणावर बस दिसत होती. मी नुसता हात हलवला. भिंगरीने मान हलवली नाही.

कामावर सगळ्यांनी प्रेमाने चौकशी केली. फोटो पाहिले, "डोळे तुझे" म्हणाले. मी काचेपलीकडच्या आजोबांना हेडफोन चढवून दिले आणि आवाज बारीक करत गेले. त्यांनी बटण दाबायचं थांबवलं होतं. आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

फोन थरथरला.

दारातून व्यक्ती आत आली.

मी चित्रण उघडलं. रिकामी पायरी. कडी निघाल्याचा आवाज. ताईंनी दार उघडलं, समोर पाहिलं आणि हसल्या.

"एवढ्यात सोडलं?"

त्यांच्या पायांमधून भिंगरी धावत बाहेर आली. तिने मान वर केली, माझा चेहरा जिथे असतो तिथवर. मग ती वळून आत गेली. एक हात उंच धरून, कुणाचं तरी बोट पकडल्यासारखा.

दार लागलं.

मी ताईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग आजोबांना तसंच बंद खोलीत सोडून मी धावले. काय सांगून निघाले, आठवत नाही. रिक्षावाल्याला मी "लवकर, लवकर" एवढंच म्हणत होते.

खडीचा ढीग. पायरी. बंद दार. आतून कसलीही गडबड नाही.

मी बेल दाबली.

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग भिंगरीचा श्वास, बटणाला नाक लावून घेतलेला. ती बटण दाबून धरून होती आणि तिच्या मागचं घर मला ऐकू येत होतं. भांड्यात चमचा फिरत होता.

"साखर घालू का गं," ताई कुणाला तरी स्वयंपाकघरात विचारत होत्या, "की अजून वजनाचं नाटक चालूच आहे?"

जराशी शांतता. उत्तर द्यायला लागते तेवढी. मला काही ऐकू आलं नाही. ताई मोठ्याने हसल्या.

"भिंगरी," मी म्हणाले. "बाळा, दार उघड."

ती पडद्यात मला निरखत असावी. मग तिने मान वळवून मागे पाहिलं असणार, कारण तिचा आवाज आधी लांबून आला आणि मग जवळून. ती घाबरलेली नव्हती. फक्त कोड्यात पडली होती.

"आई, तू परत बाहेर कधी गेलीस?"